शाळा बंद असताना दैनंदिन वेळापत्रकाची आखणी

वेळापत्रक हा शाळेचा कणा होय, हे प्रत्येक शिक्षकास अध्यापक विद्यालयातच शिकविले जाते. शाळा नियमित भरत असते तेव्हा या कण्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. घंटा होते, परिपाठ होतो, तासिकेमागून तासिका जाते, मधल्या सुट्टीत पोषण आहार वाटला जातो आणि शेवटची घंटा झाली म्हणजे मुले घरी जातात. मार्च २०२० च्या मध्यास कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ही घंटा थांबली. ती थांबल्यानंतर वेळापत्रक नेमके कोणते काम करीत होते, हे प्रथमच स्पष्टपणे कळून आले.

ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग शासनाच्या आदेशाने उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या पटावर दाखल झाले, ते मूल शाळेच्या बाकावर प्रथम बसले तेव्हा दुसरीत होते. अक्षरओळख, अंकओळख व एका जागी बसून ऐकण्याची सवय ही तिन्ही ज्या वयात व्हावयाची, ते दीड वर्ष घरीच गेले. 'असर' या पाहणीनुसार देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा २७.३ होते, ते २०२२ मध्ये शेकडा २०.५ वर आले. या घसरणीस कारणे अनेक आहेत. तथापि बंद शाळेचा दिवस कसा आखला गेला, आणि त्या आखणीत कोणते मूल बसले व कोणते सुटले, याचा त्यांत मोठा वाटा आहे.

साथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु दुसरी साथ, महापूर वा अतिवृष्टी यांमुळे शाळा पुन्हा बंद ठेवण्याचा प्रसंग येणारच नाही, असे म्हणता येत नाही. म्हणून त्या दोन वर्षांच्या अनुभवातून वेळापत्रकाविषयी निघणारे निष्कर्ष प्राथमिक शिक्षकांच्या उपयोगासाठी पुढे मांडले आहेत.

१. घंटेचे काम

शाळेची घंटा केवळ वेळ दाखवीत नाही. ती मुलाला घरच्या कामातून सोडविते. अकरा वाजता मूल वर्गात बसले म्हणजे पाच वाजेपर्यंत त्याला धाकट्या भावंडास सांभाळ, शेळ्या वळ किंवा पाणी भर असे कोणी सांगू शकत नाही. तेच मूल घरी असले म्हणजे ते सर्व कामांना मोकळे आहे असे घरातील माणसे धरून चालतात, आणि यात त्यांचा दोषही नसतो. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे.

यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, दूरस्थ शिक्षणाचे वेळापत्रक म्हणजे शाळेचे वेळापत्रक घरी पाठविणे नव्हे. तो शिक्षक व पालक यांच्यातील एक करार आहे. शाळेत वेळ शिक्षकाच्या हाती असते. घरी ती आईच्या, आजीच्या व शेतीच्या कामाच्या हाती असते. त्यांच्याशी बोलल्यावाचून कागदावर आखलेली प्रत्येक तासिका पोकळ ठरते. २०२० च्या उन्हाळ्यात अनेक ठिकाणी सकाळी अकरापासून पाचपर्यंतचे वेळापत्रक जसेच्या तसे व्हॉट्सॲप गटावर टाकले गेले व थोड्याच दिवसांत ते बंद पडले, याचे कारण हेच होय.

२. एक जुने उदाहरण

साथीमुळे शाळा बंद आणि शिक्षण दुरून, हा प्रसंग जगात प्रथमच आला असे नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात बालपक्षाघाताची साथ पसरल्याने शाळा उघडणे लांबणीवर पडले. तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी रेडिओवरून पाठ देण्यात आले. प्रत्येक पाठ १५ मिनिटांचा असे. सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी समाजशास्त्र आणि विज्ञान, तर मंगळवार, गुरुवार व शनिवार या दिवशी इंग्रजी आणि गणित, अशी विभागणी होती. पाठांचे वेळापत्रक व प्रश्न वर्तमानपत्रांतून आधीच छापून येत, आणि पालकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी दूरध्वनीवर शिक्षक बसविले होते.

या आखणीत तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पाठ आखूड ठेवला. एका दिवशी विषय थोडे घेतले. आणि कोणता पाठ केव्हा आहे हे घरातील मोठ्या माणसांना आधी कळविले. तिच्यातील उणीवही तितकीच बोधप्रद आहे. ज्या घरी रेडिओ नव्हता किंवा नीट ऐकू येत नव्हता, तेथील मूल मागे राहिले. महाराष्ट्रात २०२० मध्ये रेडिओच्या जागी मोबाइल फोन आला. उणीव मात्र तीच राहिली.

३. आखणीपूर्वीची पाहणी

वेळापत्रक लिहावयास बसण्यापूर्वी पटावरील प्रत्येक मुलामागे एक ओळ लिहिली पाहिजे. 'घरी स्मार्टफोन आहे काय?' एवढा एकच प्रश्न विचारून भागत नाही. 'असर'च्या सप्टेंबर २०२० च्या पाहणीत शाळेत नाव दाखल असलेल्या देशातील मुलांपैकी शेकडा ६१.८ मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण पाहणीपूर्वीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक-तृतीयांशच होती. घरात फोन असणे आणि मुलापर्यंत धडा पोहोचणे यांत असे अंतर असते. म्हणून पुढील प्रश्न विचारावेत:

(अ) फोन कोणाचा आहे, आणि तो घरी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत असतो?
(आ) त्या एका फोनवर किती भावंडे शिकतात?
(इ) महिन्याचे रिचार्ज नियमित होते काय? गावात वीज केव्हा जाते?
(ई) घरी दूरचित्रवाणी संच आहे काय? नसल्यास शेजारी आहे काय?
(उ) मुलाजवळ बसू शकेल असे वाचता येणारे कोणी घरी आहे काय?
(ऊ) कुटुंब ऊसतोडीस वा वीटभट्टीस जाणार आहे काय? असल्यास केव्हा?

या पाहणीत बहुधा असे आढळते की, फोन वडिलांबरोबर सकाळी नऊला शेतावर किंवा कामावर जातो व दिवेलागणीस परत येतो. अशा घरी दुपारी बाराची तासिका ठेवणे म्हणजे मुलाला गैरहजर ठरविण्याची सोय करणे होय. संदेश पोहोचल्याची खूण फोनवर उमटते, शिक्षकाच्या नोंदीत पाठ झाला असे लिहिले जाते, आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो.

४. वेळेचा हिशेब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये पहिली ते पाचवीसाठी वर्षास २०० दिवस व ८०० अध्यापन-तास ठरवून दिलेले आहेत. म्हणजे दिवसास सरासरी चार तास झाले. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' या नावाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी पडद्यावरील प्रत्यक्ष तासिका दिवसास दोनच असाव्यात आणि प्रत्येक ३० ते ४५ मिनिटांची असावी, अशी मर्यादा घातली. डोळ्यांवरील ताण व लहान मुलांची अवधानक्षमता पाहता ही मर्यादा योग्यच होती. याचा अर्थ, सर्व साधने हाताशी असली तरीही चार तासांपैकी फार तर दीड तासच शिक्षक पडद्यावर भेटणार. उरलेले अडीच तास कशाने भरावयाचे, हाच दूरस्थ वेळापत्रकाचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर जिल्हा परिषदेच्या लहान शाळांना नवे नाही. द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक नित्य दोन वर्ग एकत्र सांभाळतो. एका वर्गास तो प्रत्यक्ष शिकवितो, तेव्हा दुसरा वर्ग स्वयंअध्ययन करीत असतो. फळ्यावरील उदाहरणे सोडवितो, गटप्रमुखाजवळ वाचन करतो, चित्र काढतो. बहुवर्ग अध्यापनाचे हे वेळापत्रक आखताना शिक्षक प्रथम आपली प्रत्यक्ष अध्यापनाची मिनिटे मोजतो, ती ज्यास अधिक गरज आहे त्या वर्गास देतो, आणि उरलेल्या वेळेसाठी मुलाला एकट्याने करता येईल असे काम नेमून देतो. बंद शाळेचे वेळापत्रक याच रीतीने आखावयाचे असते. फरक इतकाच की, दुसरा वर्ग खोलीच्या दुसऱ्या बाजूस नसून घरोघरी विखुरलेला असतो.

५. एका शाळेचा नमुना

समजण्यास सोपे जावे म्हणून पहिली ते चौथीच्या ३८ मुलांची एक द्विशिक्षकी शाळा कल्पावी. पाहणीत मुलांचे चार गट पडले असे धरावे. पहिल्या गटातील १४ मुलांच्या घरी स्मार्टफोन दिवसभर असतो. दुसऱ्या गटातील ९ मुलांना तो फक्त सायंकाळी मिळतो. तिसऱ्या गटातील ८ मुलांच्या घरी साधा फोन आहे. चौथ्या गटातील ७ मुलांच्या घरी कोणतेच साधन नाही.

प्रत्येक शिक्षकाने आपल्या दोन वर्गांसाठी ३० मिनिटांचा एक पाठ सकाळी पहिल्या गटास द्यावा, आणि तोच पाठ सायंकाळी दुसऱ्या गटास द्यावा. सायंकाळी नवा पाठ घेण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास पहिल्या गटास दोन पाठ मिळतात व दुसऱ्यास एकच, आणि दोन्ही गटांतील अंतर रोज वाढत जाते. तिसऱ्या गटातील प्रत्येक मुलाशी आठवड्यातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे फोनवर बोलावे. त्या वेळी मुलाकडून एक परिच्छेद वाचून घ्यावा, दोन तोंडी उदाहरणे विचारावीत व पुढचे काम सांगावे. चौथ्या गटातील मुलांना वस्तीवरील देवळाच्या ओसरीत किंवा झाडाखाली, दोन ठिकाणी, आठवड्यातून तीन वेळा एक-एक तास प्रत्यक्ष भेटावे. तिसऱ्या गटातील मुलांनी यांपैकी एका भेटीस यावे. अशा भेटी साथीचे नियम परवानगी देतील तेव्हाच, मोकळ्या हवेत, मुखपट्टी लावून व अंतर राखून घ्यावयाच्या असतात, हे सांगणे नलगे.

आता याचा हिशेब पाहावा. प्रत्येक शिक्षकास आठवड्यात पाठांसाठी सहा तास, फोनसाठी दोन तास व वस्तीभेटीसाठी तीन तास, असे अकरा तास लागतात. जाण्यायेण्याचा वेळ, पाठाची तयारी व वह्या तपासणे हे त्याहून वेगळे. अधिनियमात शिक्षकाचा आठवडा तयारीच्या वेळेसह ४५ तासांचा धरला आहे. तेव्हा ही योजना आवाक्याबाहेरची नाही. मुलांच्या बाजूने पाहिले तर, फोन असलेल्या मुलास रोज अर्धा तास याप्रमाणे आठवड्यात तीन तास शिक्षक भेटतो, आणि काहीच नसलेल्या मुलासही तीन तासच भेटतो, तोही तीन-चार मुलांच्या लहान गटात. तिसऱ्या गटातील मुलास तास कमी मिळतात. पण त्यांतील अर्धा तास शिक्षक त्याच्या एकट्याशी बोलत असतो. साधनांची विषमता शिक्षकाला नाहीशी करता येत नाही. तथापि स्वतःची वेळ कोणास द्यावयाची हे त्याच्या हाती आहे, आणि वेळापत्रक हे ती वाटून देण्याचे साधन आहे.

६. मुलाचा दिवस

तिसरी-चौथीच्या मुलाच्या दिवसाचा एक नमुना पुढे दिला आहे. गावच्या रीतीप्रमाणे त्यात फेरफार करावेत.

सकाळी ७.३० ते ८.०० : मोठ्याने वाचन
८.०० ते ८.३० : शिक्षकाचा पाठ (पहिला गट), इतर गटांसाठी पाठ्यपुस्तकातील नेमलेले पान
८.३० ते ९.०० : त्याच पाठावर लेखन
११.०० ते ११.४५ : गणित, स्वाध्यायपत्रिकेवरून
दुपारी ४.०० ते ४.४५ : परिसर अभ्यास, चित्र वा हस्तकाम
सायंकाळी ७.०० ते ७.३० : शिक्षकाचा पाठ (दुसरा गट); इतर गटांसाठी पाढे व उजळणी
७.३० ते ८.०० : घरातील मोठ्या माणसास दिवसभराचे काम दाखविणे, गोष्ट ऐकणे किंवा सांगणे

हे सर्व मिळून चार तास होतात. परंतु ते सलग नाहीत. सलग चार तास घरी बसणे आठ-नऊ वर्षांच्या मुलास शक्य नसते. मधल्या मोकळ्या वेळेत ते जेवते, खेळते व घरचे हलके कामही करते. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी यातील निम्मा वेळ पुरेसा मानावा, आणि पाठातील काही वेळ पालकांशी बोलण्यात घालवावा. कारण त्या वयात घरी प्रत्यक्ष शिकविणारी व्यक्ती आई किंवा थोरले भावंडच असते.

परिसर अभ्यासाच्या वेळेस बंद शाळेत विशेष महत्त्व येते. दाण्यांचे ढीग मोजणे, पावसाची नोंद ठेवणे, आजीस जुन्या दुष्काळाविषयी विचारून पाच ओळी लिहिणे, घरातील भांड्यांची मापे ताडून पाहणे, ही कामे घरी जशी होतात तशी वर्गात होत नाहीत. या कामांना फोन लागत नाही, म्हणून चारही गट येथे समान पातळीवर येतात. वेळापत्रकात अशी निदान एक वेळ रोज असावी.

७. दूरचित्रवाणी व गावातील साधने

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने टाळेबंदीच्या काळात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाची अभ्यासमाला फोनवरून पाठविली. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीसाठी दाखविण्यात आली. दूरचित्रवाणीवरील पाठाची वेळ बदलता येत नाही. म्हणून तो वेळापत्रकात आधी मांडावा व इतर कामे त्याभोवती बसवावीत. पाठ पाहण्यापूर्वी मुलाला एक प्रश्न सांगून ठेवावा व पाहून झाल्यावर त्याचे उत्तर वहीत लिहावयास लावावे. प्रश्नावाचून पाहिलेला पाठ ही केवळ करमणूक होऊन बसते.

जेथे हेही शक्य नव्हते तेथे गावांनी आपले मार्ग काढले. पालघर जिल्ह्यातील दांडवळसारख्या आदिवासी गावात एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिक्षेपकावरून ध्वनिमुद्रित पाठ ऐकविले. मुले अंतर राखून जमिनीवर बसत व ऐकून उत्तरे देत. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर अक्षरे, पाढे, आकृत्या व व्याकरण रंगविण्यात आले. येताजाता मुले ते वाचीत. ध्वनिक्षेपकाला ठराविक वेळ लागते, भिंतीला ती लागत नाही. म्हणून भिंतीवरील मजकूर उजळणीच्या वेळेस जोडावा, आणि ध्वनिक्षेपकाची वेळ ग्रामपंचायतीशी व वस्तीशी ठरवून कायम ठेवावी.

टाळेबंदीच्या काळात पोषण आहाराचे तांदूळ व डाळी पालकांना कोरड्या स्वरूपात वाटण्यात आल्या. ज्यांच्याकडे फोन नाही अशा कुटुंबांशीही या वाटपामुळे शाळेची गाठ पडे. वाटपाचा दिवस हाच स्वाध्यायपत्रिका देण्याघेण्याचा दिवस ठरविल्यास पालकास दोन खेपा पडत नाहीत आणि मुलाची वही शिक्षकाच्या नजरेखालून जाते.

८. आठवड्याची रचना

एका दिवशी सर्व विषय घेण्याचा प्रयत्न करू नये. भाषा व गणित रोज असावेत. इतर विषय आठवड्यात वाटून द्यावेत. २०२०-२१ या वर्षासाठी राज्य शासनाने पाठ्यक्रम शेकडा २५ ने कमी केला होता, तो याच जाणिवेने. शनिवार नव्या पाठासाठी न ठेवता राहून गेलेल्या कामासाठी ठेवावा. फोनचे रिचार्ज संपणे, वीज जाणे, पेरणीची घाई, घरात आजारपण, यांमुळे प्रत्येक आठवड्यात काही मुलांचे काही पाठ बुडतातच. ते भरून काढण्यास मोकळा दिवस नसला म्हणजे बुडालेले पाठ साचत जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यास मूल अभ्यासाचा नादच सोडते.

सणवार व शेतीचा हंगाम यांचीही दखल घ्यावी. पेरणीच्या व काढणीच्या आठवड्यात सकाळची वेळ आधी आणावी किंवा काम कमी द्यावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना जाण्यापूर्वीच पुढील सहा आठवड्यांच्या स्वाध्यायपत्रिका व शिक्षण हमी कार्ड द्यावे, आणि आठवड्यातील एक ठराविक वार व वेळ फोनसाठी पक्की करावी. मूल गाव सोडते तेव्हा वेळापत्रकानेही त्याच्याबरोबर जावयास पाहिजे.

९. आड दिवसाची शाळा

साथ ओसरू लागली तेव्हा शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, व पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले. पुढे दुसऱ्या लाटेत ते बंद झाले आणि ग्रामीण भागात ४ ऑक्टोबर २०२१ पासून पाचवीपुढील वर्ग पुन्हा भरले. जानेवारी २०२२ मध्ये शाळा आणखी एकदा बंद होऊन २४ जानेवारीपासून उघडू लागल्या. या काळात एका बाकावर एक विद्यार्थी आणि पालकांचे संमतिपत्र असे नियम होते. त्यामुळे पट मोठा असलेल्या वर्गाचे दोन भाग करून त्यांना आड दिवस बोलवावे लागे.

अशा मिश्र व्यवस्थेत पुष्कळदा एक चूक होते. शिक्षक वर्गात बसलेल्या भागास शिकवितो आणि त्याच वेळी फोन समोर ठेवून घरच्या भागासही शिकवू पाहतो. यात दोन्ही भागांचे नुकसान होते. वर्गातील मुलांकडे शिक्षकाची पाठ होते आणि घरच्या मुलांना फळा दिसत नाही.

याहून बरी रीत अशी की, शाळेचा दिवस शिकण्यासाठी व घरचा दिवस सरावासाठी ठेवावा. पहिला भाग सोमवार, बुधवार व शुक्रवारी येईल; दुसरा भाग मंगळवार, गुरुवार व शनिवारी. सोमवारचा पाठ मंगळवारी दुसऱ्या भागास तसाच द्यावा. पहिल्या भागाने मंगळवारी घरी त्याच पाठावरचे काम करावे व बुधवारी शाळेत आल्यावर पहिली २० मिनिटे ते दाखवावे. ही २० मिनिटे वेळापत्रकात छापलेली असली पाहिजेत. ती नसली म्हणजे घरचा दिवस सुट्टीचा ठरतो, हे मुलांना दोनच आठवड्यांत कळून चुकते. शाळेच्या दिवशी भाषा, गणित व ज्यात प्रत्यक्ष मार्गदर्शनाची गरज आहे ते विषय घ्यावेत. वाचन, चित्रकला व परिसर अभ्यास घरच्या दिवसास द्यावेत.

एक आठवडा शाळा व एक आठवडा घर अशी वाटणी लांबून येणाऱ्या मोठ्या मुलांना सोयीची असते. लहान मुलांसाठी ती टाळावी, कारण आठवड्याच्या खंडात नुकतेच शिकलेले अक्षर पुसले जाते. दोन भावंडे वेगवेगळ्या वर्गांत असतील तर दोघांचे शाळेचे दिवस एकच ठेवावेत. तसे न केल्यास थोरली बहीण धाकट्यास सांभाळण्यासाठी आपल्याही दिवशी घरी राहते, आणि हजेरीपत्रकावरून त्याचे कारण उमगत नाही.

१०. नोंद व तपासणी

दूरस्थ काळात 'पाठ पाठविला' ही नोंद आणि 'मुलाने काम केले' ही नोंद वेगवेगळी ठेवावी. प्रत्येक मुलापुढे आठवड्यास एवढेच लिहावे: किती वेळा प्रत्यक्ष बोलणे झाले, कोणते काम पाहिले, काय येत नाही. ज्या मुलापुढे सलग दोन आठवडे पहिला रकाना कोरा आहे, त्याचे घर तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी गाठावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हाच रकाना वाचून दाखवावा. केंद्रप्रमुखांनीही तपासणीच्या वेळी किती चित्रफिती पाठविल्या हे विचारण्यापेक्षा किती मुलांशी बोलणे झाले नाही हे विचारावे. कारण जे विचारले जाते तेच शाळेत होऊ लागते.

शिक्षकाच्या दिवसासही मर्यादा असावी. सायंकाळचा पाठ असलेल्या दिवशी दुपारची वेळ मोकळी ठेवावी. द्विशिक्षकी शाळेत एकाने वस्तीभेटीस जावे तेव्हा दुसऱ्याने फोनचे काम पाहावे. पालकांना कोणत्या वेळेत फोन करावा हे वेळापत्रकाच्या खाली लिहून द्यावे. थकलेल्या शिक्षकाकडून प्रथम सुटते ते साधन नसलेल्या मुलाचे घर. कारण तेथपर्यंत चालत जावे लागते.

११. पुन्हा शाळेत

शाळा उघडल्यावर वेळापत्रक एकदम पूर्ववत करू नये. १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ या काळात राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यास योजण्यात आला होता. मागील इयत्तेचे जे राहून गेले ते आधी पुरे करावे, मग पुढे जावे, हा त्यामागील हेतू होता. शाळा पुन्हा भरू लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रोजच्या दोन तासिका याच कामासाठी ठेवाव्यात, आणि त्यांत मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता वाचता काय येते यावरून पाडावेत. चौथीतील मूल अक्षरे जोडून वाचत असेल तर त्यास त्या तासिकेत तेथूनच पुढे न्यावे. यात त्याचा कमीपणा होणार नाही अशी काळजी घ्यावी.

सारांश असा की, शाळा बंद असताना वेळापत्रक आखण्यास पट हातात घेऊन बसावे आणि शेवटच्या नावापासून आरंभ करावा. ज्या मुलाकडे काहीच साधन नाही त्याची भेट कोणत्या वारी, कोणत्या ठिकाणी व किती वाजता हे प्रथम लिहावे. त्यानंतर साध्या फोनची मुले, मग सायंकाळची मुले, आणि सर्वांत शेवटी ज्यांच्या घरी सर्व काही आहे ती मुले घ्यावीत. या क्रमाने आखलेल्या वेळापत्रकात पटावरील प्रत्येक नावास जागा मिळते. उलट क्रमाने आखलेले वेळापत्रक कागदावर नीटनेटके दिसते. परंतु शाळा पुन्हा उघडते त्या दिवशी काही मुले पाटी घेऊन दारात उभी राहतात, आणि त्यांना पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा लागतो.